कबिनीच्या पाण्यावरचे नदी सुरय

कर्नाटकातल्या मोठ्या धरणांपैकी पावसाळ्यात सर्वांत आधी भरतं ते बहुतेक वर्षी कबिनी. वायनाडच्या डोंगरांवर जूनमध्ये पावसानं जोर धरला की पनमरम आणि मानंदवाडीकडच्या नद्या एक होऊन खाली येतात आणि म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात बिदरहळ्ळीजवळच्या भिंतीला टेकतात. पूर्ण पातळी २,२८४ फूट, साठा १९.५२ टीएमसी. उन्हाळ्यात चित्र उलटं होतं. म्हैसूर आणि बंगळूरला प्यायचं पाणी, शेतीचे कालवे, खाली तमिळनाडूचा वाटा, असं करत पाणी महिनोन्‌महिने उतरत जातं. उतरत्या पाण्यातून जमीन वर येते. कोवळ्या गवताची कुरणं, गाळाचे पट्टे, खडकाळ उंचवटे आणि १९७४ मध्ये धरण झालं तेव्हापासून पाण्यात उभे असलेले बुडीत जंगलाचे खुंट दिसू लागतात. गवतावर हत्ती येतात आणि त्यांना पाहायला जगभरातून माणसं येतात. उंचवट्यांवर नदी सुरय नावाचे पक्षी येतात. त्यांच्यासाठी मुद्दाम आलेलं माणूस क्वचितच भेटतं. मी त्यांच्यासाठी आले होते, एका संशोधक मुलीची उन्हाळ्यापुरती मदतनीस म्हणून.

असं काम जगात अनेक तरुण मुलंमुली करतात, पण बहुतेक समुद्रावर. ब्रिटनच्या वेल्स किनाऱ्याजवळच्या स्कोमर बेटावर टिम बर्कहेड यांनी १९७२ मध्ये गिलिमॉट या समुद्रपक्ष्याचा अभ्यास सुरू केला आणि तो अर्धशतक उलटूनही चालू राहिला. दर उन्हाळ्यात नवे मदतनीस कड्यावर बसतात, ठरलेल्या कपारींतली अंडी मोजतात, पिल्लं मोजतात आणि वही पुढच्या वर्षीच्या हातात देतात. इंग्लंडच्या फार्न बेटांवर १९८२ च्या उन्हाळ्यात, उडताही न येणाऱ्या एका आर्क्टिक सुरयाच्या पिल्लाच्या पायात कडं घातलं गेलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सापडलं. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर १९५६ मध्ये चँडलर रॉबिन्स यांनी कडं घातलेली ‘विज्डम’ नावाची आल्बट्रॉस मादी २०२४ मध्येही अंडं घालत होती. या तिन्ही गोष्टी कळल्या त्या कुणीतरी वाऱ्यात आणि विष्ठेच्या वासात बसून आकडा लिहिला म्हणून. आपल्याकडेही अशा पक्ष्यांसाठी लक्षद्वीपचं पिट्टी बेट आहे, कोकणात वेंगुर्ल्यासमोरचे खडक आहेत. त्या खडकांवरच्या सुरयांबद्दल आणि पाकोळ्यांबद्दल हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात लिहिलं होतं. वेंगुर्ल्याचं ते वर्णन वाचल्यापासून सुरयांच्या वसाहतीत काम करायचं माझ्या मनात होतं. समुद्रावर जायचा योग आला नाही, धरणावर आला.

दादरहून सुटणारी शरावती एक्स्प्रेस मिरज, हुबळी करत म्हैसूरला नेते. म्हैसूरहून एच. डी. कोटे पन्नासेक किलोमीटर, मानंदवाडी रस्त्यानं. एच. डी. म्हणजे हेग्गडदेवन, पण पूर्ण नाव कुणी घेत नाही; बसच्या पाटीवरही आणि बोलण्यातही ‘कोटे’ पुरतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस, तंबाखू, मधूनच आल्याचे वाफे. तंबाखू वाळवायच्या उंच, धुराड्यांच्या खोल्या गावोगाव दिसतात. या तालुक्यात चार धरणं आहेत: कबिनी, नुगू, हेब्बळ्ळ आणि तारक. एका तालुक्यात चार धरणं म्हटल्यावर सगळीकडे बागायत असेल असं वाटतं, पण तसं नाही. पाणी बरंचसं खाली जातं. आता सरगूर हा वेगळा तालुका झाला आहे, तरी माणसं अजून सगळ्या टापूला कोटेच म्हणतात.

कोट्यापासून पुढे अंतरसंते गाव. तिथून झाडी दाट होत जाते आणि दम्मनकट्टेच्या पुढे नागरहोळेचं राखीव जंगल सुरू होतं. बावलीमार्गे केरळात जाणारा हा रस्ता संध्याकाळी सहा ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो. रात्री रस्ता ओलांडणाऱ्या जनावरांचे जीव त्यामुळे वाचतात. आमचा मुक्काम जलाशयाच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात होता. घरमालकीण रोज सकाळी रागीची मुद्दे आणि पालेभाजीचं सारू करून द्यायची. मुद्दे चावायची नसते, सारूत बुडवून गिळायची असते, हे तिनं पहिल्याच दिवशी हातानं करून दाखवलं. दुपारपर्यंत पोट भरलेलं ठेवणारं, उन्हात काम करणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं जेवण मला माहीत नाही.

नदी सुरय हा कावळ्याच्या आसपासचा, पण अंगानं सडपातळ पक्षी. वरून राखी, खालून पांढरा, विणीच्या दिवसांत डोक्यावर मानेपर्यंत आलेली काळी टोपी, पिवळीधमक चोच, लाल पाय आणि खोल दुभंगलेली शेपटी. पाण्यावर सावकाश फिरत राहतो, नजर खाली; मासा दिसला की पंख आवरून पडतो आणि चोचीत चमकतं काहीतरी घेऊन वर येतो. गोड्या पाण्यात राहत असला तरी कुळ समुद्राचं. घरटं बांधत नाही. उघड्या वाळूवर किंवा खडकावर छातीनं उथळ खळगा करतो, त्यात दोन किंवा तीन अंडी, दगडाच्या रंगाची, वर तपकिरी-जांभळट ठिपके. अंड्यांना आडोसा नाही, पाचोळा नाही. सुरक्षितता एकच: चारी बाजूंनी पाणी. म्हणून बेट हवं, आणि धरणात बेट तयार होतं ते पाणी उतरल्यावर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा पक्षी आता ‘असुरक्षित’ गटात आहे. त्याचा भाऊ, काळ्या पोटाचा सुरय, तर त्याहूनही दुर्मीळ झाला आहे. नद्यांत वाळू राहिली नाही, पाणी मोकळं राहिलं नाही. त्यामुळे धरणांच्या पोटातली ही उन्हाळी बेटं नदी सुरयांना फार महत्त्वाची झाली आहेत.

आमचं काम सांगायला सोपं होतं. वनखात्याच्या लेखी परवानगीत ठरलेल्या जागेवर, बेटापासून बऱ्याच अंतरावर, किनाऱ्याच्या उंचवट्यावर तिपाईवर स्पॉटिंग स्कोप लावायचा आणि बसायचं. सोबत वनखात्याचा एक वॉचर असायचाच, कारण आमच्या पाठीमागून हत्ती कधी पाण्यावर उतरेल याचा नेम नसतो. बेटाचा नकाशा आधीच काढलेला होता. त्यावर बुडीत झाडांचे खुंट ही आमची खूण. ‘सातव्या खुंटाच्या डावीकडे दोन हात’ असा घरट्याचा पत्ता. ठरलेल्या वेळी स्कोप बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथपणे फिरवायचा आणि प्रत्येक पत्त्यावर पक्षी बसला आहे का, उभा आहे का, जोडीदारानं जागा घेतली का, मासा आणला का, एवढं लिहायचं. दोघींनी वेगवेगळं मोजायचं आणि दोघींचं लिहून होईपर्यंत एकमेकींशी बोलायचं नाही. एकीनं चौदा म्हटलं की दुसरीलाही चौदाच दिसू लागतात, म्हणून हा नियम. दोन आकड्यांत फरक पडला तर तो खोडायचा नाही, दोन्ही ठेवायचे. एका माणसाच्या नजरेतून किती घरटी निसटतात याचा अंदाज त्या फरकातूनच बांधता येतो.

उजाडल्यापासून दहापर्यंत काम चाले, मग तीननंतर अंधारेपर्यंत. मधले तास निव्वळ उन्हाचे. अकरा वाजले की तापलेल्या गाळावरची हवा थरथरू लागते आणि स्कोपमध्ये पक्षी, दगड, खुंट सगळे एकमेकांत मिसळतात. त्या वेळी काढलेला आकडा लिहू नये, हे शिस्तीचं पहिलं कलम. पण न मोजताही त्या तासांत बघण्यासारखं खूप असतं. दुपारी सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. चोच उघडी, गळा हलतोय, पंख किंचित सैल सोडलेले. जोडीदार उडून पाण्यावर जातो, पोट पाण्याला टेकवतो आणि भिजल्या पिसांनी परत येऊन बसतो. टिटवीही असंच करते. मे महिन्यातल्या गाळावर पाय ठेवला की तळवे भाजतात; त्यावर उघडं पडलेलं अंडं थोड्याच वेळात आतून शिजू शकतं. दुपारी बेटाजवळ नाव नेऊन पक्षी उठवणारा माणूस अंड्यांना हातही न लावता ती मारू शकतो, हे फोटोच्या हौशीनं जवळ जाणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवं.

बेटावर प्रत्यक्ष पाऊल ठेवायचं ते आठवड्यातून एकदा, पहाटे, आणि तेही मोजक्या मिनिटांसाठी. बांबूच्या पट्ट्यांची, बाहेरून डांबर लावलेली गोल नाव, म्हणजे हरिगोल, आम्हाला न्यायची. नावाडी त्याच पाण्यात मासे धरणारा. त्याला सगळे अण्णा म्हणत, आम्हीही म्हणायचो. अण्णा एका वल्ह्यावर ती नाव गोल फिरू न देता सरळ नेत असे. मगरी कुठे ऊन खात बसतात आणि कुठल्या खुंटाचं टोक पाण्याखाली लपलं आहे ते त्याला पाठ होतं. बेटावर संशोधक आणि वनरक्षक उतरत. मी नावेत बसून घड्याळ बघायची आणि दर मिनिटाला मोठ्यानं वेळ सांगायची. वेळ संपली की काम अर्धं असलं तरी परत फिरायचं. पक्षी तोवर डोक्यावर घिरट्या घालत असत, एकेक जण सूर मारून चोचीनं टोपीला टोचून जाई. ओरडा इतका की मला मिनिटं ओरडूनच सांगावी लागत.

त्या मिनिटांत अंड्यांचं वय काढलं जाई. युक्ती जुनी आहे आणि समुद्रपक्ष्यांचे अभ्यासक जगभर ती वापरतात. अंडं पाण्याच्या भांड्यात अलगद सोडायचं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. दिवस जातील तसं आतलं पाणी बाष्प होऊन कवचातून जातं, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, मग अंडं तळाशीच तिरकं होतं, उभं राहतं आणि शेवटी पृष्ठभागावर तरंगतं. तरंगताना कवचाचा केवढा भाग पाण्याबाहेर आहे यावरून पिल्लू कधी बाहेर येईल ते बरंचसं सांगता येतं. सुरयाचं अंडं साधारण तीन आठवड्यांत फुटतं. पिल्लं जन्मतःच अंगावर लव घेऊन येतात, डोळे उघडे असतात. काही दिवसांतच ती खळगा सोडून दगडांच्या, खुंटांच्या सावलीत जाऊन दबून बसतात. साधारण महिन्याभरानं पंख धरतात. म्हणजे पहिलं अंडं घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत त्या बेटाला दोन महिन्यांच्या आसपास बेट राहावं लागतं. आमच्या सगळ्या नोंदींचा गाभा हाच होता.

म्हणून दिवसाचं पहिलं काम पक्ष्यांचं नव्हतं, पाण्याचं होतं. किनाऱ्याजवळ गाळात फूट-इंचांच्या खुणा केलेला एक खांब रोवलेला होता. पोचल्यावर आधी त्यावरची पातळी लिहायची, मग कन्नड वर्तमानपत्रात रोज छापून येणारी धरणाची पातळी शेजारी लिहायची. पाणी उतरणं सुरयांना हवं असतं, पण फार उतरणं घातक ठरतं. जलाशयाचा काठ सपाट आहे. पातळी फूटभर खाली आली तरी पाण्याची कड कित्येक पावलं मागे सरकते. बेट आणि किनारा यांच्यामधली खाडी आधी गुडघ्याएवढी होते, मग चिखल होते, मग एका सकाळी तिथे वाट उघडते. आमच्या दोन बेटांपैकी धाकट्याचं असंच झालं. चिखल सुकल्यावर त्या पट्ट्यावर कोल्ह्याचे ठसे होते, सरळ बेटाकडे गेलेले आणि परत आलेले. त्यानंतर तिथे बसलेला एकही सुरय दिसला नाही. वाट उघडली की कोल्ह्याच्या मागून गावातली कुत्री येतात, चरायला सोडलेली गुरं येतात, घोरपडी येतात. मुंगसाला तर चिखल पूर्ण वाळायचीही वाट बघावी लागत नाही. वरून घारी आणि कावळे असतातच, पण त्यांना हुसकायला वसाहत समर्थ असते. पन्नास सुरय एकदम उठले की घार दिशा बदलते. जमिनीवरून रात्री येणाऱ्याला मात्र त्यांच्याकडे उत्तर नाही.

दुसरा धोका उलट्या बाजूचा. ज्या जोडप्याची पहिली अंडी गेली ते पुन्हा घालतं, पण आता उशिरा, आणि बहुतेकदा पाण्याच्या नव्या कडेजवळ, खाली. एप्रिल-मेमध्ये वायनाडकडे वळवाचे मोठे पाऊस झाले की एका रात्रीत पाणी थोडं वर येतं. धरणाच्या हिशेबात ती वाढ नगण्य असते, वर्तमानपत्रात ती आनंदाची बातमी म्हणून येते. दुष्काळात पाण्याची वाट पाहणाऱ्या म्हैसूरला तसं वाटावं हेही योग्यच आहे. पण खालच्या ओळीतली घरटी त्या काही इंचांत जातात. आमच्या वहीत अशा सकाळच्या पानावर घरट्यांच्या पत्त्यांपुढे एकच अक्षर उभं लिहिलेलं आहे: ‘बु’. बुडालं.

हे सगळं बघताना अण्णा जे बोलला ते मला महत्त्वाचं वाटतं. त्याचं म्हणणं, हे पक्षी पूर्वी नदीच्या वाळूवर घालायचे आणि नदी उन्हाळ्यात चढत नसे, पावसाळ्यातच चढे; आता पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे पक्ष्यालाही कळत नाही आणि आम्हालाही. त्याच्या आजोबांचं गाव आता पाण्याखाली आहे. कबिनी धरणात बावीस गावं आणि चौदा वाड्या बुडाल्या. तालुक्यातल्या जेनु कुरुब आणि बेट्ट कुरुब आदिवासींना धरणानं आणि पुढे राष्ट्रीय उद्यानानं अशा दोन्ही बाजूंनी जागा सोडावी लागली. जंगल सर्वांत चांगलं ओळखणारी हीच माणसं. आज वनखात्याचे वॉचर, हत्तींचे माहूत आणि कावाडी (माहुतांचे साथीदार), संशोधकांचे मदतनीस म्हणून तीच काम करतात. आमच्या वॉचरला झाडावर न चढता, खालूनच मधाचं पोळं जुनं की नवं ते कळायचं. संशोधन-निबंधांच्या शेवटी आभाराच्या ओळीत यांची नावं येतात, कधी येतही नाहीत. माझं ठाम मत आहे की अशा माणसांचं नाव लेखकांच्या यादीत यायला हवं. खुंटांच्या नकाशातल्या निम्म्या खुणा अण्णानं सांगितलेल्या होत्या.

कबिनीला शास्त्राची ही परंपरा नवी नाही. नागरहोळेत उल्हास कारंत यांनी १९८६ मध्ये वाघांचा अभ्यास सुरू केला. नव्वदच्या दशकात त्यांनी वाघांची मोजणी पंजांच्या ठशांवरून सोडवून कॅमेऱ्यांवर आणली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यात तोच वाघ पुन्हा किती वेळा येतो यावरून न दिसलेले वाघ किती असतील याचं गणित संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकोल्स यांच्याबरोबर त्यांनी मांडलं. आम्ही दोघींनी वेगवेगळं मोजायचं त्यामागचा विचार त्याच घराण्यातला: जे दिसलं तेवढंच आहे असं मानायचं नाही, न दिसलेल्याचाही हिशेब ठेवायचा. हत्तींवर बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्राच्या टी. एन. सी. विद्या यांचा कबिनी हत्ती प्रकल्प २००९ पासून चालू आहे. कानाच्या कडा, शेपटीचे केस, सुळ्यांचा बाक यावरून एकेक हत्ती ओळखून त्याची वर्षानुवर्षांची नोंद तिथे ठेवली जाते. उन्हाळ्यात इथल्या कुरणांवर आशियाई हत्तींचा जो मेळा जमतो त्याला जगात तोड नाही असं म्हणतात. आम्ही स्कोप सुरयांवर धरून बसलेल्या असताना पलीकडच्या काठावर कळपांमागून कळप येत. रात्रीच्या गवतानंतर सकाळी पाणी, मग अंगावर चिखल, मग पिल्लांना मध्ये घेऊन परत झाडीत.

याच जागी एके काळी हत्तींना धरायच्या मोहिमा, म्हणजे ‘खेडा’, होत. काकनकोटेच्या जंगलात शेकडो माणसं ढोल आणि मशालींनी कळप रेटत आणत, नदीत उतरवत आणि खोडांच्या भक्कम कुंपणात कोंडत. म्हैसूरच्या राजांचे पाहुणे ते बघायला येत. शेवटचा खेडा १९७१ चा. पुढे ते मैदानच धरणाच्या पाण्यात गेलं. जलाशयाच्या काठावरचं कारापूर हे साबूचं गाव. राजाच्या हत्तीखान्यातल्या माहुताचा हा मुलगा दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टींच्या नजरेस पडला आणि १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’ चित्रपटातून हॉलिवूडपर्यंत पोचला. जंगलात आत बळ्ळे इथे पाळीव हत्तींची छावणी आहे. म्हैसूरच्या दसऱ्याला सोन्याची अंबारी २०१२ ते २०१९ सलग वाहणारा अर्जुन तिथलाच. ४ डिसेंबर २०२३ ला हासन जिल्ह्यात रानटी हत्ती पकडण्याच्या मोहिमेत झुंजीत तो मेला. बळ्ळेला गेलो त्या दिवशी त्याचा उल्लेख निघाला आणि एक वयस्क कावाडी उठून बाजूला गेला. या तालुक्यातल्या माणसांचं हत्तींशी काय नातं आहे ते पुस्तकातून कळायचं नाही.

पण हत्तींकडे लक्ष आहे. त्यांच्यासाठी प्रकल्प आहेत, पर्यटक आहेत, पैसा आहे. सुरयांच्या बेटांकडे लक्ष द्यायला फार पैसा लागतही नाही, आणि उपाय माहीत आहेत. इथून फार लांब नाही, श्रीरंगपट्टणजवळ कावेरीत रंगनतिट्टू आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अलींनी म्हैसूरच्या राजाला गळ घातली आणि १९४० मध्ये ते अभयारण्य झालं. तिथे नदी सुरय खडकांवर घरटी करतात आणि पुरानं झिजणाऱ्या बेटांना वनखात्यानं वाळूच्या पोत्यांचा आधार दिला आहे. भद्रा धरणात लक्कवळ्ळीकडच्या बेटांवर उन्हाळ्यात सुरयांची मोठी वसाहत जमते आणि तिला तिथे मानही आहे. सरकारी पर्यटन मंडळाच्या तिथल्या निवासाला या पक्ष्याचंच नाव आहे. उत्तरेत चंबळच्या काठी बीएनएचएसनं गावकऱ्यांनाच पाणचिऱ्यांच्या घरट्यांचे राखणदार केलं, त्याचा फायदा शेजारी वीण करणाऱ्या सुरयांनाही होतो. कबिनीसाठी संशोधक मुलीची मांडणी साधी आहे. कुठलं बेट कुठल्या पातळीला किनाऱ्याला जोडलं जातं हे खांबावरच्या नोंदींवरून कळतं. जी बेटं आधी जोडली जातात त्यांना किनाऱ्याशी जोडणाऱ्या पट्ट्यात उन्हाळ्यापुरता चर खणून पाणी राखता येईल. जी उशिरापर्यंत बेटं राहतात तिथे पर्यटकांची नाव आणि मासेमारीची जाळी मार्च ते मे लांब ठेवता येतील. यासाठी धरणाचं पाणी अडवायला नको, कुणाच्या तोंडचा घोट काढायला नको. फक्त पाटबंधारे आणि वन या दोन खात्यांनी पातळीचा एक तक्ता समोर ठेवून फेब्रुवारीत एकदा बोलायला हवं. तो तक्ता भरण्यासाठी आम्ही उन्हात बसलो होतो.

अशा कामाला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. पक्ष्यांची नावं आधी पाठ असायलाच हवीत असं नाही, ती तिथे येतात. लागतो तो न कंटाळता एकाच जागी बसायचा स्वभाव आणि वाचता येईल असं अक्षर. नोंद पेन्सिलीनं करावी. घामानं आणि वळवाच्या थेंबांनी शाई पसरते. कपडे मातकट रंगाचे, टोपी रुंद काठाची, पाणी दोन बाटल्या तरी. जेवढी स्थानिक भाषा शिकाल तेवढं काम चांगलं होईल. ‘नीरु’, ‘हक्की’, ‘आने’, म्हणजे पाणी, पक्षी, हत्ती, एवढ्या तीन शब्दांवर सुरुवात करता येते. पैसे फारसे मिळत नाहीत, राहणं-जेवण निघतं. देशातल्या संशोधन संस्था आणि विद्यापीठांचे विद्यार्थी जानेवारी-फेब्रुवारीत मदतनीस शोधत असतात. त्यांना पत्र लिहिताना आपण किती पक्षी पाहिले हे सांगण्यापेक्षा किती दिवस थांबू शकतो ते सांगावं. विणीचा हंगाम मधेच सोडून जाणाऱ्या मदतनिसाची वही उपयोगी पडत नाही.

आणि ज्यांना कुठे जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्रात उजनी आहे, पैठणचा नाथसागर आहे. तिथेही नदी सुरय आहेत आणि तिथेही उन्हाळ्यात पाणी उतरून बेटं उघडी पडतात. मार्च ते मे या महिन्यांत अशा बेटावर उतरू नका, तंबू टाकू नका, कुत्रं सोडू नका, फोटोसाठी नाववाल्याला जवळ न्यायचा आग्रह करू नका. काठावरून दुर्बिणीनं बघा, बसलेले पक्षी मोजा, तारीख आणि त्या दिवशीची धरणाची पातळी लिहा आणि ती नोंद पक्षिनिरीक्षणांच्या ईबर्ड संकेतस्थळावर टाका किंवा जवळच्या पक्षिमित्र संघटनेला द्या. दरवर्षी, त्याच जागेवरून.